डिसेंबरमधील पुणे : नव्याने राहायला आलेल्यांसाठी कार्यक्रम आणि खाण्यापिण्याची वाटचाल

नोकरीसाठी, शिक्षणासाठी किंवा बदलीमुळे पुण्यात आलेल्या माणसाने या शहराशी ओळख करून घ्यायला डिसेंबरइतका चांगला महिना दुसरा नाही. पाऊस कधीच संपलेला असतो, ऊन सुसह्य असते, संध्याकाळी हवेत गारवा येतो आणि संगीत, नाटक, पुस्तके, जत्रा व नाताळ हे सारे चार आठवड्यांत एकामागून एक येते. अडचण एवढीच असते की, नवा माणूस एका संध्याकाळी शहराच्या दोन टोकांना जाण्याचा बेत आखतो आणि अर्धा वेळ सिग्नलवर घालवतो. जुन्या पुण्याचा आनंद घेण्याची रीत साधी आहे : एका संध्याकाळी एकच कार्यक्रम निवडावा, तो ज्या भागात असेल त्याच भागात जेवावे, आणि दोन्ही ठिकाणांच्या वेळा आधी विचारून घ्याव्यात. पुढील सर्व सूचना या एका धोरणावर आधारलेल्या आहेत.

पहिली पायरी : महिन्याचा आराखडा

महिना सुरू होताच कागदावर चार आठवडे मांडून घ्यावेत. शास्त्रीय संगीताचा सवाई गंधर्व भीमसेन महोत्सव बहुधा दुसऱ्या किंवा तिसऱ्या आठवड्यात पाच दिवस असतो. फर्ग्युसन महाविद्यालयाच्या मैदानावरील पुणे पुस्तक महोत्सव महिन्याच्या मध्यास साधारण नऊ दिवस भरतो. भीमथडी जत्रा त्याच सुमारास किंवा त्यानंतर, नाताळाच्या अलीकडे-पलीकडे येते. नाटके मात्र दर शनिवार-रविवारी असतातच. मार्गशीर्ष महिनाही याच काळात येत असल्यामुळे चंपाषष्ठी आणि दत्तजयंती यांच्या तारखा पंचांगात पाहून ठेवाव्यात. चंपाषष्ठीला घरोघरी वांग्याचे भरीत आणि बाजरीची भाकरी होते, कारण चातुर्मासात वर्ज्य मानलेले कांदा-वांगे पुन्हा खायला त्या दिवसापासून सुरुवात करण्याची अनेक घरांतील प्रथा आहे. शेजाऱ्यांनी त्या दिवशी जेवायला बोलावले, तर दुसरा कोणताही बेत बाजूला ठेवून जावे.

रोजच्या कार्यक्रमांसाठी मराठी वर्तमानपत्रांचे स्थानिक पान हा अजूनही सर्वांत भरवशाचा मार्ग आहे. नाटकांच्या जाहिराती आणि ‘शहरात आज’ अशा स्वरूपाची सदरे तेथे एकत्र मिळतात, आणि ज्यांची जाहिरात समाजमाध्यमांवर फारशी होत नाही अशी व्याख्याने, छोट्या मैफली व पुस्तक प्रकाशने यांची माहितीही तेथेच सापडते. यांतील बरेच कार्यक्रम विनामूल्य असतात. सेनापती बापट रस्त्यावरील भारतीय विद्या भवनात इन्फोसिस फाउंडेशनच्या साहाय्याने होणारे गायन, वादन आणि नृत्याचे कार्यक्रम सर्वांसाठी खुले असतात, आणि ज्याने आजवर शास्त्रीय संगीत समोर बसून कधी ऐकलेले नाही, त्याने सवाई गंधर्व महोत्सवाच्या आधी अशा एखाद्या कार्यक्रमाला जाऊन यावे, असे मी आवर्जून सुचवेन.

दुसरी पायरी : सवाई

पुणेकर या महोत्सवाला नुसते ‘सवाई’ म्हणतात. किराणा घराण्याचे गायक रामभाऊ कुंदगोळकर ऊर्फ सवाई गंधर्व यांचे १९५२ मध्ये निधन झाले आणि त्यांच्या स्मरणार्थ शिष्य पंडित भीमसेन जोशी यांनी १९५३ पासून हा महोत्सव सुरू केला. आर्य संगीत प्रसारक मंडळ तो भरवते. २०११ मध्ये पंडितजी गेल्यानंतर महोत्सवाच्या नावात त्यांचेही नाव जोडले गेले. पूर्वी तो रमणबाग शाळेच्या मैदानावर होत असे. अलीकडची काही वर्षे तो मुकुंदनगरमधील महाराष्ट्रीय मंडळाच्या क्रीडासंकुलात होतो. स्वारगेट मेट्रो स्थानकावर उतरून रिक्षा केली, तर थोड्या वेळात पोहोचता येते. स्वतःचे वाहन नेण्याचा मोह टाळावा, कारण परतताना सर्व श्रोते एकाच वेळी बाहेर पडतात.

तिकीट घेताना पाच दिवसांचे एकत्रित तिकीट आणि एका दिवसाचे तिकीट असे दोन पर्याय असतात, आणि बसण्याचे प्रकार सोफा, खुर्ची व भारतीय बैठक असे असतात. पहिल्या वर्षी एका दिवसाचे भारतीय बैठकीचे तिकीट घ्यावे. ते सर्वांत स्वस्त असते हे खरे, पण त्याहून मोठे कारण असे की, जाणकार श्रोते मोठ्या संख्येने तेथे बसतात. कोणत्या जागेवर ‘वाहवा’ निघते आणि कोठे सारे गप्प होतात, हे त्यांच्या शेजारी बसूनच समजू लागते. बरोबर सतरंजी किंवा जाड चादर, शाल आणि पाण्याची बाटली न्यावी. डिसेंबरात रात्रीचे तापमान बारा अंशांच्या आसपास उतरते, आणि कनातींनी बंदिस्त केलेल्या मंडपातही नऊनंतर जमिनीचा गारठा जाणवतो.

दिवस कोणता निवडावा, याला महत्त्व आहे. पूर्वी सवाई रात्रभर चालत असे. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकांवर निर्बंध आल्यापासून मैफली दुपारीच सुरू होऊन रात्री दहाला संपू लागल्या, आणि त्यामुळे श्रोत्यांना मुलतानी, पूरिया, मारवा, यमन असे दुपार-संध्याकाळचे राग भरपूर ऐकायला मिळतात, पण दरबारी किंवा मालकंसासारखे उत्तररात्रीकडे झुकणारे राग त्यांच्या वेळी ऐकण्याची संधी कमी झाली. एका दिवशी, बहुधा शनिवारी, मध्यरात्रीपर्यंत परवानगी असते. ज्याला एकच दिवस जाणे शक्य आहे, त्याने तो दिवस निवडावा. रविवारी सत्र लवकर सुरू होते आणि समारोपाची परंपरा पाहायला मिळते : अनेक वर्षे पंडित भीमसेन जोशी आणि त्यांच्यानंतर प्रभा अत्रे शेवटी गात असत, आणि सर्वांत अखेरीस सवाई गंधर्वांच्या भैरवीचे जुने ध्वनिमुद्रण ऐकवले जाते. त्या वेळी उठून वाहनतळाकडे धावू नये. ती काही मिनिटे थांबावे, कारण संपूर्ण महोत्सव ज्यांच्या नावाने होतो, त्यांचा आवाज तेवढाच वेळ मंडपात असतो.

नवख्या श्रोत्याला गायनाची बांधणी ठाऊक असली, म्हणजे दीड तास जड जात नाही. आधी तानपुरे जुळवले जातात. गायक कान लावून एखादी खुंटी केसभर फिरवतो आणि दोन्ही तानपुऱ्यांचा षड्ज, म्हणजे ‘सा’, एकमेकांत मिसळेपर्यंत गात नाही. त्यानंतर थोडी आलापी आणि मग विलंबित ख्याल येतो. यात लय इतकी संथ असते की, पहिल्यांदा ऐकणाऱ्याला ताल सापडतच नाही. अशा वेळी तबल्याकडे लक्ष ठेवावे आणि बंदिशीचा मुखडा, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारी सुरुवातीची ओळ, दर वेळी कोठे येऊन मिळतो ते पाहावे. ती जागा म्हणजे सम. तालाच्या चार-पाच आवर्तनांत, म्हणजे फेऱ्यांत, ती हाती लागते, आणि एकदा हाती लागली की पुढचे ऐकणे सोपे होते. विलंबितानंतर द्रुत, म्हणजे जलद लयीतली, बंदिश, आणि शेवटी बहुतेक वेळा ठुमरी, नाट्यगीत किंवा अभंग असतो. ये-जा करायची झाल्यास दोन कलाकारांच्या मध्ये करावी. मोबाइल बंद असावा, आणि गाणे चालू असताना चित्रीकरण करू नये.

खाण्याची सोय मंडपाच्या बाहेरच्या स्टॉलवर असते. बटाटेवडा, साबुदाणा वडा, चहा-कॉफी असे पदार्थ मिळतात, आणि खाता खाता आत चाललेले गाणे ऐकू येत राहते. दुपारी घरून नीट जेवून निघावे, मध्यंतरी काही खाऊन घ्यावे आणि रात्रीच्या जेवणाचा मोठा बेत आखू नये, कारण दहानंतर बाहेर पडल्यावर पारंपरिक जेवणाच्या बहुतेक खाणावळी बंद झालेल्या असतात.

तिसरी पायरी : एक मराठी नाटक आणि त्याच्या शेजारचे जेवण

जंगली महाराज रस्त्यावरील बालगंधर्व रंगमंदिर १९६८ मध्ये सुरू झाले, आणि पहिले नाटक पाहण्यासाठी तेच सर्वांत सोयीचे आहे. वनाज–रामवाडी मार्गावरील मेट्रोने छत्रपती संभाजी उद्यान स्थानकावर उतरल्यास चालत पोहोचता येते. पिंपरी किंवा स्वारगेटकडून येणाऱ्यांनी जिल्हा न्यायालय (पूर्वीचे सिव्हिल कोर्ट) स्थानकावर मार्गिका बदलावी. कोथरूडचे यशवंतराव चव्हाण नाट्यगृह, टिळक रस्त्यावरील टिळक स्मारक मंदिर आणि सदाशिव पेठेतील भरत नाट्य मंदिर येथेही प्रयोग होतात. भरत नाट्य संशोधन मंदिर ही संस्था १८९४ सालची आहे आणि संगीत नाटकाची परंपरा तिने आजपर्यंत चालू ठेवली आहे. तेथे संगीत नाटकाचा प्रयोग लागला असेल, तर तो सोडू नये. प्रायोगिक नाटक पाहायचे असल्यास शनिवार पेठेतील सुदर्शन रंगमंच आणि हिराबागेतील ज्योत्स्ना भोळे सभागृह यांच्याकडे लक्ष ठेवावे. ही सभागृहे लहान आहेत, नट हाताच्या अंतरावर असतो, आणि तिकीटही परवडते.

सुट्टीच्या दिवशी प्रयोग साधारणपणे दुपारी साडेबारा, संध्याकाळी साडेपाच आणि रात्री साडेनऊ अशा वेळांना लागतात. तिकीट ऑनलाइन मिळते, पण नाट्यगृहाच्या खिडकीवर आसनांचा तक्ता समोर ठेवून जागा निवडता येते, आणि शक्य असल्यास मी तोच मार्ग सांगेन. खिडकी सकाळी आणि संध्याकाळी ठरावीक वेळ उघडी असते व मध्ये दुपारी बंद असते, हे लक्षात ठेवावे. तिसरी घंटा झाली की प्रयोग सुरू होतो. त्यानंतर अंधारात आपली रांग शोधत येणारा माणूस वीस-पंचवीस जणांना उठवतो आणि रंगमंचावरच्या नटालाही त्याचा त्रास होतो. म्हणून निदान वीस मिनिटे आधी पोहोचावे. बालगंधर्वचा मध्यंतरातील बटाटेवडा प्रसिद्ध आहे. पडदा पडताच प्रेक्षक तिकडे वळतात, त्यामुळे दोघे असल्यास एकाने वड्याच्या आणि दुसऱ्याने चहाच्या रांगेत उभे राहावे.

साडेपाचचा प्रयोग नवख्यासाठी उत्तम, कारण तो आठ-सव्वाआठपर्यंत संपतो आणि जेवायला योग्य वेळ उरतो. बालगंधर्वहून चालत आपटे रस्त्यावर गेल्यास श्रेयस आणि आशा डायनिंग हॉल येथे महाराष्ट्रीय थाळी मिळते. भरत किंवा टिळक स्मारकात नाटक असल्यास टिळक रस्त्यावरच दुर्वांकुर आणि बादशाही ही दोन ठिकाणे जवळ आहेत. बादशाही बोर्डिंग हाऊस १९३२ पासूनचे असून तेथील जेवण घरगुती आहे : पोळी, आमटी-भात, दोन भाज्या, कोशिंबीर, ताक. गर्दीच्या वेळी दारात नाव नोंदवून थांबावे लागते. थाळीची पद्धत माहीत नसलेल्यांसाठी एवढे सांगतो की, ताटाच्या डाव्या बाजूला चटणी, कोशिंबीर आणि लोणचे, तर उजव्या बाजूला भाज्या वाढल्या जातात, वाढपी पुन्हा पुन्हा येत राहतो, आणि नको असल्यास ताटावर हात आडवा धरून ‘पुरे’ म्हणावे. घेतलेले टाकू नये. काही खाणावळी आठवड्यातून एक दिवस किंवा रविवारी संध्याकाळी बंद असतात. दूरध्वनी करून मगच निघावे.

चौथी पायरी : एक पूर्ण दिवस पेठांमध्ये

एक मोकळा दिवस, शक्यतो रविवार सोडून, पायी फिरण्यासाठी ठेवावा. सुरुवात न्याहारीने करावी. नारायण पेठेतील बेडेकरांची मिसळ किंचित गोडसर रश्श्याची असते आणि पावाऐवजी ब्रेडच्या स्लाइसबरोबर खाल्ली जाते. झणझणीत मिसळीची सवय असलेल्या कोल्हापूर-नाशिककडच्या मंडळींना पहिला घास वेगळा वाटेल. पण बटाट्याची भाजी, पोहे, शेव, वरून ओतलेला रस्सा आणि लिंबाची फोड हे सारे एकत्र कालवून दुसरा घास घ्यावा, म्हणजे चवीचा तोल लक्षात येतो. फडके हौदाजवळचे वैद्य उपाहारगृह हे त्याहून जुने, आणि तेथील हिरव्या रश्श्याची मिसळ शहरात अन्यत्र सहसा मिळत नाही. दोन्ही ठिकाणी सकाळी लवकर जावे.

तेथून महात्मा फुले मंडई गाठावी. १८८६ मध्ये उभी राहिलेली ही अष्टकोनी दगडी इमारत पाहण्यासारखी आहेच, पण डिसेंबरातला बाजार त्याहून पाहण्यासारखा आहे : हिरव्या हरभऱ्याचे ढाळे, तुरीच्या शेंगा, मटार, गाजरे, काटेरी वांगी आणि बोरे यांचे ढीग लागलेले असतात. भाव विचारण्यापूर्वी दोन-तीन गाळे फिरून यावे. मंडई मेट्रो स्थानक अगदी जवळ असल्याने खरेदी घेऊन घरी परतणेही सोपे झाले आहे. बाजीराव रस्त्यालगतचे राजा दिनकर केळकर संग्रहालय येथून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. दिवे, अडकित्ते, वाद्ये, दारांच्या चौकटी अशा रोजच्या वापरातल्या वस्तूंचा हा संग्रह एका माणसाने आपल्या दिवंगत मुलाच्या आठवणीत उभा केला. त्यासाठी निदान दोन तास हाताशी असावेत.

दुपारच्या जेवणासाठी किंवा पोटभर नाश्त्यासाठी लक्ष्मी रस्त्यावरील पूना गेस्ट हाऊसला जावे. मूकपटांच्या काळातील दिग्दर्शक नानासाहेब सरपोतदार यांनी १९३५ मध्ये ते सुरू केले, आणि नाटक-चित्रपटांतील कलावंतांचा तेथे पिढ्यान्‌पिढ्या राबता राहिला. थालीपीठ, अळूची भाजी, साबुदाणा वडा हे पदार्थ नीट केलेले मिळतात. मस्तानी, म्हणजे वरून आइस्क्रीमचा गोळा घातलेले घट्ट दूध, प्यायची असेल तर थंडीच्या दिवसांत ती दुपारीच घ्यावी. सदाशिव पेठेतील सुजाता त्यासाठी प्रसिद्ध आहे. एक ते चार या वेळात अनेक जुनी दुकाने बंद असतात. त्याबद्दल चिडण्यापेक्षा तो वेळ संग्रहालयासाठी ठेवावा.

पाचवी पायरी : पुस्तके आणि जत्रा

पुणे पुस्तक महोत्सव राष्ट्रीय पुस्तक न्यासाच्या पुढाकाराने २०२३ पासून होत आहे आणि प्रवेश विनामूल्य असतो. शनिवार-रविवारी गर्दीमुळे पुस्तक हातात घेऊन चाळणे अवघड होते, म्हणून कामाच्या दिवशी दुपारी जावे. घरून यादी करून न्यावी आणि मोठ्या दालनांआधी छोट्या मराठी प्रकाशकांच्या गाळ्यांवर जावे, कारण त्यांची जुनी पुस्तके एरवी दुकानांत सहज मिळत नाहीत. बाहेर पडल्यावर फर्ग्युसन रस्त्यावरच वैशाली आणि रूपाली आहेत, तर रस्त्याच्या टोकाला १९३५ पासूनचे गुडलक आहे. वैशालीत जागेसाठी थांबावे लागते. एकटे असल्यास टेबलावर अनोळखी माणसाबरोबर बसण्याची तयारी दाखवावी, काम लवकर होते.

शिवाजीनगर येथील कृषी महाविद्यालयाच्या मैदानावरील भीमथडी जत्रेत राज्याच्या निरनिराळ्या भागांतील महिला बचत गट आपले पदार्थ आणि वस्तू घेऊन येतात. ज्यांचे गाव दूर आहे त्यांना आपल्याकडची चव येथे सापडण्याची चांगली शक्यता असते : खानदेशी मांडे आणि शेवभाजी, वऱ्हाडी झुणका, मासवड्या, पुरणपोळी. मांडे करताना पाहणे हा स्वतंत्र अनुभव आहे. बाई पुरण भरलेली गोळी हातावर घेते, दोन्ही हातांच्या पाठीवर फिरवत फिरवत ती तळहाताच्या चौपट-पाचपट मोठी आणि पातळ करते, आणि उपड्या घातलेल्या खापरावर अलगद टाकते. एका ठिकाणी पोट भरू नये. चौघांनी मिळून प्रत्येक पदार्थ एक-एकच घ्यावा. मसाले, पापड, हातसडीचा तांदूळ यांच्यासाठी कापडी पिशवी आणि सुटे पैसे बरोबर असावेत.

सहावी पायरी : नाताळ, कॅम्पात आणि पेठेतही

चोवीस-पंचवीस तारखेला महात्मा गांधी रस्ता आणि ईस्ट स्ट्रीट माणसांनी फुललेले असतात आणि संध्याकाळी वाहतूक वळवली जाते, त्यामुळे पायीच जावे. कयानी बेकरीच्या श्रूसबेरी बिस्किटांसाठी सकाळी उघडतानाची वेळ धरावी. दुपारी ती बंद असते आणि नाताळाच्या आठवड्यात माल लवकर संपतो. पारशी जेवण हवे असल्यास १८७८ पासूनचे दोराबजी आहे. तेथील धनसाक दुपारी खावा, कारण तो जड असतो.

पण कॅम्पातील रोषणाई पाहून झाल्यावर गुरुवार पेठेतील पंचहौद मिशनच्या पवित्र नाम देवालयातही जाऊन यावे, अशी माझी आग्रहाची सूचना आहे. १८८५ मधील हे चर्च आणि त्याचे उंच घंटाघर पेठेच्या ऐन वस्तीत आहे, आणि येथील मंडळी मराठीत उपासना करते. याच मिशनमध्ये १८९० साली रानडे, टिळक आदी मंडळी चहा प्यायली म्हणून पुण्यात मोठे वादळ उठले होते आणि प्रायश्चित्तापर्यंत प्रकरण गेले होते. उपासनेच्या वेळी जायचे असल्यास मागच्या बाकावर शांतपणे बसावे, छायाचित्रे काढू नयेत, आणि प्रसादविधीच्या वेळी पुढे न जाता जागेवरच थांबावे.

सातवी पायरी : शहराबाहेर हुरडा

ज्वारीची कणसे दुधात भरू लागली की पुण्याच्या आसपासच्या शेतांवर हुरड्याचे बेत सुरू होतात. डिसेंबरच्या उत्तरार्धापासून पुढे महिना-दीड महिना त्यांचा काळ असतो. जमिनीत लहानसा खड्डा करून गोवऱ्यांची आगटी पेटवतात, कणसे निखाऱ्यांत खुपसतात, आणि कणीस भाजून निघाले की गरम असतानाच तळहातांत चोळून दाणे मोकळे करतात. फुंकर मारून कूस उडवायची आणि कोवळे हिरवे दाणे लगेच तोंडात टाकायचे. बरोबर शेंगदाण्याची, लसणाची आणि खोबऱ्याची चटणी, दही, गूळ आणि रेवड्या असतात. हुरडा थंड झाला की चिवट होतो, म्हणून आगटीभोवतीच बसून खावे आणि घरी बांधून नेण्याच्या भानगडीत पडू नये.

बुकिंग करताना चार गोष्टी विचाराव्यात : हुरडा त्याच शेतातला आहे की बाहेरून आणलेला, तो सुरती किंवा गूळभेंडी अशा हुरड्याच्या वाणाचा आहे का, समोर भाजून देणार का, आणि दुपारचे जेवण दरात धरलेले आहे का. समोर भाजून देत नसतील, तर दुसरे शेत शोधावे. सकाळी नऊपर्यंत शहरातून निघावे, लहान मुलांना आगटीपासून जरा लांब बसवावे, आणि हुरड्यावर पाणी लगेच पिऊ नये. थोड्या वेळाने ताक घ्यावे, म्हणजे पोटाला त्रास होत नाही, असे शेतावरची मंडळीच सांगतात.